मर्सीच्या काठी युरोव्हिजन

रविवार, ७ मे २०२३

बर्मिंगहॅमहून आलेली आमची गाडी लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनात शिरली आणि मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्पर्धा इंग्लंडात, मग झेंडे सगळे निळे-पिवळे कसे?"

मामा मिरजेचे. आयुष्यभर पेटीची साथ केली, भजनाला केली, नाट्यसंगीताला केली. उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. मी गेली काही वर्षं मे महिन्यात टीव्हीसमोर बसून युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची दर वर्षीची गाण्यांची स्पर्धा, बघते. यंदा स्पर्धा रेल्वेच्या अंतरावर आली होती आणि घरात गाण्यातलं कळणारा माणूस होता. म्हणून मी आठवडाभराची रजाच टाकली.

झेंड्यांचं कारण असं. २०२२ साली इटलीत तुरीनला झालेली स्पर्धा युक्रेनच्या कालुश ऑर्केस्ट्राने ६३१ गुण मिळवून जिंकली. जिंकेल त्या देशाने पुढच्या वर्षी यजमान व्हायचं, हा इथला रिवाज. पण डोक्यावर क्षेपणास्त्रं पडत असताना चाळीसेक देशांचे कलाकार आणि हजारो पाहुणे बोलवायचे कुठे? शेवटी दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ब्रिटनने युक्रेनच्या वतीने स्पर्धा भरवायची असं ठरलं. ब्रिटनमधल्या शहरांतून शेवटी ग्लासगो आणि लिव्हरपूल उरली, आणि लिव्हरपूलची निवड झाली. ओडेसा हे युक्रेनचं बंदर लिव्हरपूलचं जोडशहर आहे. बंदराला बंदराची ओळख जुनीच होती.

स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या समोर सेंट जॉर्जेस हॉलचे ते भव्य खांब. संध्याकाळी त्याच परिसरात नीलहिरव्या गालिच्यावरून ३७ देशांचे कलाकार चालत गेले. आम्ही गर्दीत पार मागे होतो. कलाकार दिसले ते माणसांच्या खांद्यांमधून, तुकड्यातुकड्यांनी. नंतर तिथेच स्वागताचा मोठा कार्यक्रम झाला. त्याची तिकिटं आमच्याकडे नव्हती, पण आवाज गल्लीपर्यंत येत होता. 'फ्रँकी गोज टू हॉलिवूड' ही इथली ऐंशीच्या दशकातली मंडळी कित्येक वर्षांनी एकत्र उभी राहिली, तेव्हा आमच्या शेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बायका रडत होत्या. मामांना ते गाणं माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले.

सोमवार, ८ मे

राज्याभिषेकाची सुट्टी. शनिवारीच तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झालेला, त्यामुळे दुकानांच्या काचांवर राजाचे पताके आणि युरोव्हिजनचे पताके एकाच दोरीवर.

आजचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात मोठा, कारण प्रत्यक्ष सभागृहात जायचं होतं. थेट प्रक्षेपणाच्या कार्यक्रमांची तिकिटं मार्चमध्ये विक्रीला आली आणि बघता बघता संपली. आम्हाला मिळाली ती पहिल्या उपांत्य फेरीच्या आदल्या रात्रीच्या प्रयोगाची. ज्यांना जायचंय त्यांना मनापासून सांगते, या तिकिटाला कमी लेखू नका. तोच मंच, तेच कपडे, तेच दिवे, तेच निवेदक. फरक एवढाच की शेवटी जाहीर होणारा निकाल लुटुपुटीचा असतो. कुठलेही दहा देश वाचून दाखवतात आणि तेवढे कलाकार जिंकल्याचा सराव करतात.

सभागृह किंग्ज डॉकवर, अगदी मर्सी नदीला खेटून. आत गेल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वादक कुठं बसणार?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. युरोव्हिजनमध्ये १९९८ पर्यंत वाद्यवृंद असायचा. १९९९ पासून तो गेला. आता संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं. मंचावर गिटार दिसते, ड्रम दिसतात, पण ऐकू येतं ते मुद्रितच. मुख्य गायकाने मात्र गाणं तिथल्या तिथेच गायला हवं. मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि गाणं तीन मिनिटांपेक्षा लांब नको. मामांना वाद्यांचं ऐकून वाईट वाटलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "साथीदाराला इथं काम नाही म्हणजे," असं म्हणून ते गप्प झाले. मलाही या बाबतीत त्यांचंच म्हणणं पटतं. सव्वीस देशांची वाद्यं एकाच रात्री बदलणं अवघड आहे हे खरं, पण एखादा तरी वादक प्रत्यक्ष वाजवताना ऐकू आला तर गाण्याला जमीन मिळते.

मग कार्यक्रम सुरू झाला आणि मामांचं लक्ष भलतीकडेच लागलं. दोन गाण्यांच्या मध्ये टीव्हीवर छोटीशी फिल्म दाखवतात. यंदा प्रत्येक फिल्ममध्ये तीन जागा होत्या: एक युक्रेनमधली, एक ब्रिटनमधली आणि एक त्या कलाकाराच्या देशातली. घरी बसलेले लोक ती फिल्म बघत असतात तेव्हा सभागृहात काळे कपडे घातलेली माणसं धावत येतात, आधीच्या गाण्याचं सगळं सामान ढकलत नेतात, पुढच्याचं आणून जागच्या जागी लावतात, जमीन पुसतात, तारा जोडतात आणि नाहीशी होतात. मिनिटभराच्या आत. नाटकात अंधार झाल्यावर बॅकस्टेजची मुलं दिवाणखान्याचा वाडा करतात, अगदी तसं, फक्त वेग दसपट. मामांनी संगीत नाटकांचे पुष्कळ दौरे केलेत. त्या काळ्या कपड्यांतल्या माणसांसाठी टाळ्या वाजवणारे आमच्या रांगेत ते एकटेच होते. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर शेजारचं डच जोडपंही वाजवायला लागलं.

पंधरा देश. नॉर्वेने सुरुवात केली, फिनलंडने शेवट. लॅटव्हियाच्या मुलांचं गाणं युद्धाच्या काळातल्या अंगाईसारखं होतं, बाकी इंग्रजीत, पण त्यांच्या लोकगीतातल्या अंगाईची ओळ त्यांनी मूळ भाषेतच ठेवली होती. मामांनी तेवढ्याच ओळीला मान हलवली. चेकियाच्या 'वेस्ना' नावाच्या मुलींच्या गटाने एकाच गाण्यात चेक, युक्रेनियन, बल्गेरियन आणि इंग्रजी गायलं, लांबच लांब वेण्या घालून. स्वीडनची लोरीन दोन प्रचंड प्रकाशमान फळ्यांच्या मधल्या फटीत आडवी पडून गाते. ते टीव्हीवर बघितलं की फळ्या लक्षात राहतात. सभागृहात बसलं की आवाज लक्षात राहतो. "आडवं पडून एवढा दम!" मामा कुजबुजले. "पोटातून येतोय बघ."

आणि मग फिनलंडचा कॅरिया. लाकडी खोक्यातून बाहेर येतो, फुगीर बाह्यांचं हिरवंगार जाकीट, उघडी छाती, वाटीसारखे कापलेले केस. गाणं 'चा चा चा', पूर्ण फिनिशमध्ये. आठवडाभर मान मोडून काम केलेला माणूस नाचायला निघतो, एवढाच विषय. सभागृहात फिनिश कळणारे किती असतील? पण धृपद सगळ्यांना पाठ होतं. मी मागे वळून बघितलं तर वरच्या मजल्यापर्यंत हात हलत होते. त्या रात्री माझं मत ठरलं.

मंगळवार, ९ मे

सकाळी शहरात फिरलो. युक्रेनच्या वेगवेगळ्या प्रदेशांची ओळख सांगणारे मोठाले बुलबुल, म्हणजे त्यांचे 'सोलोवेइको', शहरात बारा ठिकाणी बसवले होते. जवळ गेलं की त्या त्या भागाचं संगीत ऐकू येतं. मामांना सगळे बारा ऐकायचे होते. पाऊस आला म्हणून निम्म्यावर थांबावं लागलं. एका बुलबुलापाशी तर ते इतका वेळ उभे राहिले की शेवटी तिथल्या स्वयंसेवक मुलीने त्यांना खुर्ची आणून दिली. लिव्हरपूलच्या माणसांबद्दल जे ऐकलं होतं ते असं जागोजागी खरं ठरत होतं. अनोळखी माणसाला "लव्ह" म्हणून हाक मारतात आणि मग खरोखर थांबून मदत करतात.

दुपारी जेवायला 'स्काउस' घेतलं. हा इथल्या खलाशांचा रस्सा, यावरूनच इथल्या लोकांना स्काउसर म्हणतात. त्यात मांस असतं, पण बिनमांसाचाही मिळतो आणि त्याला 'ब्लाइंड स्काउस' म्हणतात. बटाटा, गाजर, कांदा, सोबत बीटचं लोणचं. मामांनी वरून घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी घातली आणि दुसरी वाटी मागितली.

रात्री पिअर हेडवरच्या युरोव्हिजन व्हिलेजमध्ये मोठ्या पडद्यासमोर उभे राहून उपांत्य फेरी बघितली. काल बघितलेलंच, पण आता निकाल खरा. यंदाचा बदल मोठा होता: उपांत्य फेऱ्यांत परीक्षकांचे गुण नाहीत, फक्त प्रेक्षकांची मतं. आणि दुसरा बदल आमच्या घराशी थेट संबंध असलेला. स्पर्धेत नसलेल्या देशांतले लोकही आता ऑनलाइन मत देऊ शकत होते. जगभरातल्या अशा सगळ्या मतांना मिळून एका देशाएवढं वजन. मिरजेत तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मामी मोबाइलवर कार्यक्रम बघत जाग्या होत्या. मामांचा फोन वाजला. "कार्डाचा नंबर वाचून दाखवा," मामी म्हणाल्या. मत कुणाला दिलं ते मात्र काही केल्या सांगेनात.

दहा देश पुढे गेले. स्वीडन, फिनलंड, चेकिया, पोर्तुगाल, सर्बिया, क्रोएशिया अशी नावं एकेक करून आली. लॅटव्हियाचं आलं नाही. मामांना ते लागलं. आयर्लंडचंही आलं नाही, आणि लिव्हरपूलमध्ये आयरिश रक्ताची माणसं एवढी आहेत की गर्दीतून मोठा सुस्कारा उठला. मायदेशाला मत देता येत नाही हा युरोव्हिजनचा फार जुना आणि मला सगळ्यात आवडणारा नियम आहे. आयरिश माणसाने आयर्लंडमध्ये बसून दुसऱ्या कुणाचं गाणं आवडून घ्यायचं. आपल्याला सवय आहे आपल्या संघासाठी ओरडायची. इथे आपलं सोडून बाकीच्यांमधून निवडायचं असतं, म्हणून ऐकावं लागतं.

बुधवार, १० मे

आज स्पर्धा नव्हती. मॅथ्यू स्ट्रीट, कॅव्हर्न क्लब हे सगळं तासाभरात उरकलं, कारण बीटल्सवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मामांचं मन दुसरीकडे होतं.

बोल्ड स्ट्रीटच्या वरच्या टोकाला सेंट ल्यूक्सचं चर्च आहे. त्याला छप्पर नाही. मे १९४१ मध्ये जर्मन विमानांनी या शहरावर सलग आठवडाभर बॉम्ब टाकले, सुमारे १७०० माणसं मेली. त्यात हे चर्च जळलं. भिंती उभ्या राहिल्या आणि शहराने त्या तशाच ठेवल्या. आता आत हिरवळ आहे, खिडक्यांच्या जागी आभाळ. तिथून आम्ही एक्स्चेंज फ्लॅग्ज नावाच्या चौकात गेलो. तिथला नेल्सनचा पुतळा वाळूच्या पोत्यांनी झाकून टाकला होता. युक्रेनच्या शहरांत पुतळे वाचवण्यासाठी असंच करतात. ओडेशातला द रिशल्यूचा पुतळा पोत्यांत बुडालेला आपण सगळ्यांनी फोटोंत बघितलाय. इथे तोच देखावा इंग्लिश माणसाच्या रोजच्या वाटेवर आणून ठेवला होता. ऑफिसला निघालेली माणसं थबकत होती. माझ्या मते सबंध उत्सवात सगळ्यात धाडसाचं काम हेच.

पोत्यांपाशी एक बाई आपल्या आईला घेऊन उभ्या होत्या. खार्किवच्या. वर्षभरापूर्वी निघाल्या, आता चेशरमध्ये एका कुटुंबाच्या घरी राहतात. युद्धामुळे ब्रिटनमध्ये आलेल्या युक्रेनियन लोकांसाठी तीन हजार तिकिटं सवलतीत ठेवली होती, त्यातली दोन त्यांना मिळाली होती. त्यांच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, मामांना बेताचंच. मामांनी हाताने पेटी वाजवल्याची खूण केली. त्या आजींनी लगेच बांदुरा, म्हणजे त्यांच्याकडचं तंतुवाद्य, वाजवल्याची केली. त्यांचे वडील वाजवायचे, मुलीने सांगितलं. मग त्या बाकावर बसून आजींनी एक गाणं गुणगुणलं आणि मामांनी त्याचे स्वर पकडून म्हणून दाखवले. तिसऱ्या वेळी कोमल गंधार बरोबर लागला तसा आजींनी त्यांचा हात दाबला.

त्याच बाईंकडून एक गोष्ट कळली ती मला माहीत नव्हती. यंदाच्या युक्रेनच्या गाण्याची निवड डिसेंबरमध्ये कीव्हच्या मेट्रो स्टेशनात झाली. जमिनीखाली, कारण हल्ला झाला तर कार्यक्रम थांबवायला नको. निवड झाली त्वोर्ची या जोडीची, आणि त्यांचं गाणं मारिउपोलच्या अझोवस्ताल कारखान्यात अडकूनही लढत राहिलेल्यांवरून सुचलेलं.

गुरुवार, ११ मे

दिवसभर पाऊस. मामांना थोडा ताप होता, म्हणून दुसरी उपांत्य फेरी हॉटेलच्या खोलीतच बघितली. डेन्मार्क, रोमानिया, आइसलंड, ग्रीस, जॉर्जिया, सॅन मरिनो बाहेर. ऑस्ट्रेलिया पुढे. ऑस्ट्रेलिया युरोपच्या स्पर्धेत कशी, हे मामांनी विचारलं तसंच कुणीही विचारेल. तिथे ही स्पर्धा कित्येक दशकं टीव्हीवर दाखवतात, पहाटे उठून लोक बघतात. २०१५ मध्ये स्पर्धेच्या साठाव्या वर्षी एकदाच म्हणून बोलावलं आणि मग ते येतच राहिले. स्लोव्हेनियाच्या 'जोकर आउट' या मुलांनी स्लोव्हेनियनमध्ये गाऊन अंतिम फेरी गाठली. वीस लाख लोकांची भाषा. मी ते आकडे मामांना सांगितले तेव्हा ते उठून बसले. "म्हणजे कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांपेक्षाही कमी माणसं," ते म्हणाले, आणि मग ते गाणं पुन्हा लावायला लावलं.

शुक्रवार, १२ मे

ताप उतरला. सकाळी मर्सी फेरीने पलीकडे जाऊन आलो. मधोमध गेल्यावर वळून बघितलं की पिअर हेडवरच्या तिन्ही इमारती एका ओळीत येतात आणि रॉयल लिव्हर बिल्डिंगच्या मनोऱ्यांवरचे दोन पक्षी स्पष्ट दिसतात.

दुपार सेंट्रल लायब्ररीतल्या गोल पिक्टन वाचनालयात काढली, आणि तिथे कुजबुजत का होईना, मामांना हे सगळं सुरू कसं झालं ते सांगितलं. १९५६, स्वित्झर्लंडमधलं लुगानो. युद्ध संपून अकराच वर्षं झालेली. युरोपातल्या नभोवाणी आणि टीव्ही संस्थांच्या संघटनेला एकाच वेळी अनेक देशांत थेट प्रक्षेपण जमतंय का हे बघायचं होतं. सात देश आले, प्रत्येकाने दोन गाणी म्हटली, यजमानांची लिस आसिया जिंकली. टीव्ही तेव्हा मोजक्या घरांत होता, बहुतेकांनी ते रेडिओवर ऐकलं.

मग भाषेचा प्रश्न आला. यावर माझं ठाम मत आहे आणि ते मी मामांशी भांडून सांगितलं. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाने आपल्या भाषेतच गायचं असा नियम होता. मधल्या मोकळीकीत, १९७४ मध्ये ब्रायटनला, स्वीडनच्या ॲबाने इंग्रजीत गाऊन स्पर्धा जिंकली आणि जगभर पोचले. १९९९ मध्ये नियम कायमचा गेला आणि बहुतेकांनी इंग्रजी धरली. मामा म्हणाले, नियम परत आणावा. मी म्हटलं, नको. नियमाने गायलेली मातृभाषा आणि हौसेने गायलेली मातृभाषा यांत फरक असतो. कॅरियाला कुणी सक्ती केली नव्हती. इंग्रजीत गायलं असतं तर सोपं गेलं असतं, तरी त्याने फिनिश निवडली. इटलीचा मार्को मेंगोनी इटालियनमध्ये गातोय, स्पेनची ब्लांका पालोमा आजीला आठवत फ्लामेंकोच्या ढंगात स्पॅनिशमध्ये, पोर्तुगालची मिमिकॅट पोर्तुगीजमध्ये. आणि हे सगळं ऐकायला या इंग्रजी शहरात माणसं भिजत उभी आहेत. मामांनी माझं म्हणणं अर्धं मान्य केलं. "पण मुलांना इंग्रजीतच गायला सांगणारे निर्माते असतातच की," ते म्हणाले. तेही खरं.

शनिवार, १३ मे

अंतिम रात्र. पिअर हेडसाठी आज तिकीट होतं, ते आधीच काढून ठेवलं होतं. दुपारपासून रांग. शेजारी हिरव्या फुगीर बाह्या घातलेलं फिनिश कुटुंब, तीन पिढ्या. आजोबा तांपेऱ्याचे, निवृत्त कारखाना कामगार. ते म्हणाले, आमच्या देशाचं गाणं आमच्याच भाषेत सगळा युरोप गातोय हे बघायला मी आलोय. त्यांची नात पोरांना धृपद शिकवत फिरत होती.

आठ वाजता सुरू. कालुश ऑर्केस्ट्राची सुरुवात, मध्येच काही क्षण वेल्सची राजकन्या केट पियानोवर, मग देशांची फेरी, आणि त्यात युक्रेनचे जुने स्पर्धक आपापली गाणी घेऊन आले: गो-ए, जमाला, टीना कारोल, वेर्का सेर्दुच्का. ऑस्ट्रियाच्या टेया आणि सालेना यांनी स्पर्धेला तोंड फोडलं. पाठोपाठ गाणी. अल्बानियाकडून एक सबंध कुटुंब आलं होतं, आई-वडील-भावंडं एकत्र गाणारं, ते मामांना फार भावलं.

एकोणिसाव्या क्रमांकावर त्वोर्ची. त्यांचं गाणं व्हायच्या काही मिनिटं आधीच त्यांच्या तेर्नोपिल शहरावर रशियाने क्षेपणास्त्रं टाकली होती. ते आम्हाला नंतर गर्दीतल्या फोनांवरून कळलं. ते दोघे गात असताना त्यांच्या गावात स्फोट झालेले होते आणि त्यांनी गाणं पूर्ण केलं. बातमी पसरली तसं आमच्या आजूबाजूचं बोलणं थांबलं. खार्किवच्या बाई आणि त्यांची आई त्या वेळी सभागृहात असतील. मला पुढची दोन गाणी नीट आठवत नाहीत.

सगळ्यात शेवटी यजमानांची मे मुलर. मतदान सुरू असताना युरोव्हिजनचे जुने कलाकार लिव्हरपूलची गाणी गायला आले, आणि शेवटी नेदरलँड्सच्या डंकन लॉरेन्सने ते गाणं घेतलं जे इथल्या फुटबॉलच्या मैदानात दर सामन्याला गातात. आपण एकटे नाही, अशा अर्थाचं. मंचावरचे, सभागृहातले, पिअर हेडवरचे, सगळे गात होते. मामांना शब्द येत नव्हते. त्यांनी खालचा षड्ज धरला.

मग गुण. आधी ३७ देशांचे परीक्षक. प्रत्येक देशात तेव्हा संगीतातल्या पाच व्यावसायिकांचं मंडळ होतं. एक ते आठ, दहा आणि बारा असे गुण. १९७५ पासून हीच पद्धत. लोरीनला बारावर बारा पडत गेले. पिअर हेडवर मात्र दर बाराला "चा चा चा" असा गजर. परीक्षकांचे गुण संपले तेव्हा स्वीडन ३४०, फिनलंड १५०. एवढ्या अंतरानंतर संपलं असं वाटतं, पण अर्धी ताकद प्रेक्षकांच्या हातात असते. ती मतं परीक्षकांच्या तळाच्या देशापासून वर जाहीर करत नेतात. फिनलंडची पाळी आली: ३७६. बेरीज ५२६. तांपेऱ्याच्या आजोबांनी मामांना मिठीच मारली. पडद्यावर आता फक्त कॅरिया आणि लोरीन, दोन चौकटींत. लोरीनला जिंकायला १८७ हवे होते, कारण बरोबरी झाली तर प्रेक्षकांची मतं ज्याची जास्त तो जिंकतो. तिला मिळाले २४३.

स्वीडन ५८३, फिनलंड ५२६. स्वीडनचा सातवा विजय, आयर्लंडशी बरोबरी. २०१२ मध्ये बाकूत जिंकलेली लोरीन दोनदा जिंकणारी पहिली बाई झाली. तिच्याआधी हे फक्त आयर्लंडच्या जॉनी लोगनला जमलं होतं. युक्रेन सहावं. यजमानांची मे मुलर २४ गुणांसह पंचविसावी, आणि तरीही तिचं गाणं लोक परत जाताना गात होते.

रविवार, १४ मे

सकाळी पिअर हेडवर कठडे काढायचं काम सुरू झालं होतं. त्या काळ्या कपड्यांतल्या माणसांसारखीच माणसं, वेगही तोच. लाइम स्ट्रीटवर तांपेऱ्याचं कुटुंब भेटलं, मँचेस्टरच्या गाडीची वाट बघत. आजोबा हसत होते. दुसरं येणं हे ३७६ पेक्षा लहान आहे, असं ते म्हणाले.

गाडीत मामांचं आणि माझं पुन्हा जुंपलं. मी म्हणत होते की जेमतेम पन्नास-पंचावन्न लाखांच्या भाषेला एवढी मतं मिळाली, तर पाच-पाच जणांच्या मंडळांनी ती उलटवायला नको होती. मामा म्हणत होते की गर्दीला जे सुचतं ते जाणकाराला सुचायलाच हवं असं नाही, आणि लोरीनचा स्वर सोमवारी सभागृहात मी स्वतः ऐकला, शनिवारी पडद्यावर पुन्हा ऐकला, दोन्ही वेळा जागचा हलला नाही. असा गळा जिंकला तर त्यात अन्याय काय झाला? मी म्हटलं, फिनलंडने लोक नाचवले. ते म्हणाले, नाचवणं वेगळं, लागणं वेगळं. क्रू स्टेशन येईपर्यंत आम्ही दोघेही जागचे हललो नव्हतो.

तेवढ्यात मामींचा फोन आला. मामांनी सगळ्यात आधी तेच विचारलं, काल मत कुणाला दिलंत?

"स्लोव्हेनियाला," मामी म्हणाल्या. "मुलं किती मनापासून गात होती!"